बिनपाखरांचे तीन दिवस

पक्ष्यांपासून तीन दिवस लांब राहणे ही काही मोठी गोष्ट नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ते एकदा करून पाहावे. कोंबडीडॉक्टरांनाही तसेच वाटले होते. म्हणून तर तो नियम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

कोंबडीडॉक्टर हे नाव इमारतीने ठेवलेले. ते राहायला आले तेव्हा दारावरची 'डॉक्टर' ही पाटी वाचून सगळ्यांना हायसे वाटले होते. सोसायटीचे सचिव गुडघा घेऊन आले, तळमजल्यावरचे आजोबा दमा घेऊन आले, वरच्या मजल्यावरच्या वहिनी चक्कर घेऊन आल्या. मग हे गृहस्थ कोंबड्यांच्या रोगांवर संशोधन करतात असे कळले आणि सगळे आपापले अवयव घेऊन परत गेले. त्यानंतर लोक त्यांच्याकडे जरा फसवले गेल्यासारखेच बघत.

खरी गोष्ट अशी, की डॉक्टरांनी जिवंत कोंबडी हातात धरल्याला बरीच वर्षे झाली होती. त्यांचे काम प्रयोगशाळेत. तिथे अंडी असतात, काचेच्या नळ्या असतात, फ्रिज असतो. कोंबडी नसते.

विषाणू म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या मुलीला एकदा समजावून सांगितले होते. ते इथेच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे अडचण नको. विषाणू हा फार बारीक आणि फार आगाऊ पाहुणा. त्याला स्वतःचे स्वयंपाकघर नाही. तो दुसऱ्याच्या घरात शिरतो, त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच पिठाने स्वतःसारखे आणखी पाहुणे करतो, आणि ते सगळे मिळून शेजारच्या घरात शिरतात.

"म्हणजे आपल्या आत्यासारखा?" मुलीने विचारले होते.

"आत्या एकटीच येते," डॉक्टर घाईघाईने म्हणाले होते.

तर अशा पाहुण्यांमुळे कोंबड्यांना जे रोग होतात, त्यांच्यावर एक शास्त्रीय परिषद भरणार होती, आणि तीत डॉक्टरांना भाषणासाठी पंधरा मिनिटे मिळाली होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? पण आजवर प्रत्येक परिषदेत त्यांचे काम त्यांच्या संचालकांनी वाचून दाखवले होते. संचालक माणूस वाईट नव्हे. आवाज भरदार, उभे राहणे रुबाबदार. डॉक्टर खोलीच्या शेवटच्या रांगेत बसून आपलेच आकडे दुसऱ्याच्या तोंडून ऐकत, आणि कुठे चुकले तर मनातल्या मनात दुरुस्त करत. या वेळी मात्र संचालक म्हणाले होते, "तुम्हीच बोला हो यंदा. पण आयत्या वेळी काही झालं, तर मी आहेच." यातले दुसरे वाक्य डॉक्टरांच्या डोक्यातून जात नव्हते.

शहरातल्या सभागृहाचे छत गळायला लागल्यामुळे परिषद एका मोठ्या कोंबडीपालन केंद्राच्या प्रशिक्षणगृहात ठेवली होती. आता अशा केंद्रात हजारो पाखरे असतात. बाहेरून कुणी अंगावर, कपड्यांवर रोग घेऊन आला तर सगळे खुराडे आडवे होते. म्हणून येणाऱ्यांसाठी नियम हवा. नियम लिहायचे काम समितीत कुणालाच नको होते, तेव्हा सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिले, आणि डॉक्टरांना तो मान वाटला.

कुणी दुसरा असता तर 'कोंबड्यांपासून दूर राहावे' एवढे लिहून मोकळा झाला असता. डॉक्टरांनी लिहिले, की परिषदेच्या आधी तीन दिवस कोणत्याही जिवंत पक्ष्याजवळ जाऊ नये, त्याला हात लावू नये, त्याचे पीस, पिंजरा किंवा घरटे यांच्याशीही संबंध येऊ देऊ नये. खाली कंसात त्यांनी बदक, कबूतर, पोपट, कावळा आणि चिमणी हेही घातले. शिवाय गावातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणावा, असेही जोडले. समितीत एकाने भीतभीत विचारले, "आमलेट चालेल ना?"

"शिजलेलं चालेल," डॉक्टर उदारपणे म्हणाले.

पहिल्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले, आणि कठड्यावर बसलेल्या कबुतराने त्यांच्याकडे मान वाकडी करून पाहिले. हे कबूतर काही नवे नव्हते. वर्षानुवर्षे ते तिथेच बसत होते. पण नियम लिहिलेल्या माणसाच्या नजरेने डॉक्टरांनी ते आज प्रथमच पाहिले. ते कप तिथेच टाकून आत पळाले आणि त्यांनी दार लावून घेतले.

"काय झालं?" बायकोने विचारले.

"कबूतर!"

"मग? वाघ असल्यासारखं काय ओरडताय?"

कबूतर घालवायचे म्हणताच सगळी इमारत सल्ले द्यायला धावली. गुडघा दाखवायला आलेले सचिव म्हणाले, "चकचकीत पत्रे टांगा." टांगले. कबुतराने त्यात आपले रूप न्याहाळले आणि जोडीदारिणीला बोलावून आणले. दम्याचे आजोबा म्हणाले, "रबरी साप ठेवा." ठेवला. त्याला बघून कबुतरे जागची हलली नाहीत, पण कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी दोन मजले खाली ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली आणि पुढचा आठवडाभर त्यांच्या मजल्यावर यायचे नाकारले. चक्करवाल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, सरळ जाळी लावून घ्या." हा सल्ला शेवटी आला, म्हणजे तोच खरा, असे समजून डॉक्टरांनी जाळीवाल्याला बोलावले. संध्याकाळपर्यंत गॅलरीला बारीक नायलॉनची जाळी लागली.

"आता आपण पिंजऱ्यात, नि कबुतरं बाहेर," बायको म्हणाली. "छान झालं."

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू जाळी बघायला आल्या, आणि डॉक्टरांना धस्स झाले. या काकू फार प्रेमळ. पण त्यांच्याकडे पोपट होता. यजमान गेल्यापासून त्या आणि तो पोपट असे दोघेच राहत. काकांना जुना खोकला होता आणि पोपटाने आयुष्यभर तो ऐकून उचलला होता. अगदी तसाच, आधी दोनदा कोरडा, मग एक लांब, आणि शेवटी 'हुश्श'. तो खोकला की काकू स्वयंपाकघरातून सवयीने म्हणत, "पाणी देऊ का हो?" कोंबड्यांच्या श्वासाच्या रोगांत उभी हयात घालवलेल्या डॉक्टरांना तो खोकला जिन्यात ऐकू आला, की दर वेळी घाम फुटे. पण काकूंना ते कधी काही बोलले नव्हते.

"काकू, तिथूनच बोला," डॉक्टर दाराआडून म्हणाले. "पुढे येऊ नका. तीन दिवसच फक्त."

"मला काही झालंय का रे?"

"तुम्हाला नाही. पण तुमच्या पदराला पीस असू शकतं."

काकूंनी पदर झटकला, डोळ्यांना लावला आणि त्या परत गेल्या. बायकोने डॉक्टरांकडे असे पाहिले, की विषाणूही जागच्या जागी मेला असता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर छत्री उघडून बाहेर पडले. आभाळ निरभ्र होते. पण तारेवर कावळे ओळीने बसले होते आणि कावळ्यांना नियम माहीत नव्हता. नाकाला फडके, हातात मोजे, डोक्यावर छत्री असा हा माणूस झाडे चुकवत रस्त्याच्या मधून चालला होता. मागून येणारी वाहने काय काय म्हणाली, ते लिहिण्याजोगे नाही. कोंबडीडॉक्टर असे हिंडतो आहे म्हणजे नक्कीच साथ आली, हे इमारतीने दुपारपर्यंत ठरवून टाकले. आजोबांनी खिडक्या बंद केल्या. सचिवांनी जिन्यात सूचना लावली, की घाबरू नये. ती वाचून उरलेले लोकही घाबरले.

डॉक्टर निघाले होते ते दाखला आणायला. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे कार्यालय म्हणजे एक बैठे घर. पुढची खोली दवाखान्याची, मागची कचेरीची. आणि मागच्या खोलीत जायचा रस्ता पुढच्या खोलीतून. डॉक्टरांनी दारातून डोकावले तर बाकांवर लोक टोपल्या घेऊन बसलेले, आणि प्रत्येक टोपलीतून एक लाल तुरा बाहेर डोकावत होता. ते वळसा घालून मागच्या खिडकीशी गेले.

"दाखला हवाय," ते गजांतून म्हणाले. "मी कालपासून पक्ष्यांजवळ गेलो नाही, परिषदेपर्यंत जाणारही नाही, असा."

कारकुनाने चष्मा वर केला. "आत या."

"आत येता येत नाही. आत कोंबड्या आहेत."

"हा कोंबड्यांचा दवाखाना आहे साहेब. इथं काय मासे असणार?"

"पण मी आत आलो, तर मी पक्ष्यांजवळ गेलो असं होईल. मग दाखला खोटा ठरेल."

"आणि आत आला नाहीत, तर दाखला मिळणार नाही. अर्जदार समक्ष हजर पाहिजे."

"मी समक्षच आहे. खिडकीतून दिसतोय ना तुम्हाला?"

"खिडकीतून अर्धेच दिसता. खालच्या अर्ध्याची खात्री कुणी द्यायची?" कारकून म्हणाला. "आणि काय हो, असला नियम केला तरी कुणी? डोकं ठिकाणावर होतं का त्याचं?"

डॉक्टरांनी छत्री जरा खाली ओढली. शेवटी अधिकारी स्वतः उठून खिडकीशी आले. डॉक्टरांना पायाखाली दगड घेऊन उभे राहायला लावले, म्हणजे कमरेपर्यंत दिसावेत, आणि गजांमधून शिक्का मारलेला कागद बाहेर दिला. डॉक्टरांनी तो मोजे घातलेल्या बोटांच्या चिमटीत धरून घरी आणला. एवढा जपून त्यांनी लग्नाचा दाखलाही आणला नव्हता, असे बायको म्हणाली, आणि ते खरे होते.

तिसरा दिवस मात्र सुरळीत गेला. डॉक्टर दिवसभर खोलीत बसून भाषणाची तालीम करत राहिले. मुलगी पलंगावर बसून ऐकत होती. त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाचे सार असे होते, की त्यांनी अभ्यासलेला रोग एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जातो तो बहुतेक करून माणसांच्या बुटांवरून आणि अंड्यांच्या न धुतलेल्या तबकांवरून. रानपाखरांचा दोष त्यात फारच थोडा.

"मग बिचाऱ्या कबुतराला का हाकललं?" मुलीने विचारले.

"काळजी घेतलेली बरी," डॉक्टर म्हणाले. पण पुढचे वाक्य त्यांना जरा वेळाने आठवले.

परिषदेच्या दिवशी सकाळी ते नवा कोट घालून आरशासमोर उभे होते. टाय बायकोने बांधून दिला होता. खाली टॅक्सी येऊन थांबली होती. एवढ्यात गॅलरीतून खोकल्याचा आवाज आला. दोनदा कोरडा. एक लांब. पण शेवटचे 'हुश्श' आले नाही.

गॅलरीच्या दारातून दिसले ते असे. पोपट पिंजऱ्यातून निसटला होता, आणि ओळखीचे घर म्हणून समोरून उडत यांच्या गॅलरीत यायला निघाला होता. मध्ये जाळी आली. एक पंख आणि दोन्ही पाय तीत गुरफटले होते, आणि धडपडीने एक धागा मानेभोवती आवळत चालला होता. समोरच्या खिडकीत काकू उभ्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. नुसते हात जोडून उभ्या होत्या, आणि पुढे येऊ नका असे आपणच त्यांना सांगितले होते, हे डॉक्टरांना आठवले.

"जाळीवाल्याला फोन लावते," बायको म्हणाली.

"तो येईपर्यंत राहायचा नाही हा."

"मग मी धरते."

"तुला नाही जमणार. घाबरलेलं पाखरू आहे, छाती दाबली गेली तर श्वासच घेता येणार नाही त्याला." डॉक्टरांनी एकदा खाली थांबलेल्या टॅक्सीकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ आले, त्यावर रुबाबात उभे असलेले संचालक आले. मग ते म्हणाले, "नखं कापायची कात्री आण. आणि टॉवेल."

इतक्या वर्षांनी जिवंत पाखरू हातात आले, आणि हातांना सगळे आठवले. मान दोन बोटांत, पंख अंगाशी, छाती मोकळी. डॉक्टर एकेक धागा कापत गेले. पोपटाने त्यांच्या अंगठ्याचा चावा घेतला, टायचे टोक कुरतडले आणि नव्या कोटावर जे करायचे तेही केले. टॉवेलातून त्याचे काळीज धडधडताना त्यांच्या तळहाताला लागत होते. नळीतला विषाणू कधी असे करत नाही. शेवटचा धागा सुटला तेव्हा पोपट खोकला, आणि 'हुश्श' म्हणाला.

"पाणी देऊ का हो?" समोरून काकूंचा रडका आवाज आला.

डॉक्टर स्वतः पलीकडे गेले आणि त्यांनी पोपट काकूंच्या ओंजळीत ठेवला. "काकू, त्या दिवशी मी दारातून बोललो ते..." असे ते म्हणू लागले, पण काकूंनी त्यांना पुढे बोलू दिले नाही. त्या पोपटाला आणि डॉक्टरांना एकाच हाताने कुरवाळत होत्या.

"आता दुसरा कोट घाला नि निघा," बायको म्हणाली. "अजून वेळ आहे."

"जाऊन काय करू? मला आत सोडणार नाहीत."

"कोण सांगणार आहे त्यांना? पोपट?"

"तो बोलतो ना," मुलगी म्हणाली.

"मीच सांगणार," डॉक्टर म्हणाले. "नियम माझा आहे. पण भाषणाची चित्रं माझ्याकडे आहेत, ती तरी पोचवायला हवीत. संचालकांना द्यायची आणि परत यायचं." हे शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटले, की बायकोने पट्टी आणली आणि त्यांच्या अंगठ्याला बांधली.

कोट न बदलताच ते निघाले, आणि वाटेत त्यांनी मनाची तयारी केली. फाटकावर जायचे, मान ताठ ठेवायची, खरे ते सांगायचे, चित्रे द्यायची, वळायचे. रडू आले तर टॅक्सीत. पण टॅक्सी केंद्राजवळ पोचली तर रस्त्यावर ही गर्दी! कोट घातलेली, गळ्यात बिल्ले अडकवलेली माणसे फाटकाबाहेर झाडाखाली घोळका करून उभी होती. डॉक्टरांना वाटले, एवढे सगळे आपल्याला अडवायला आले की काय.

फाटकावरचा रखवालदार हातातला कागद मोठ्याने वाचून एकेकाला प्रश्न विचारत होता. आता शास्त्रज्ञ ही जात मोठी चमत्कारिक. तिला साधा प्रश्न विचारला की साधे उत्तर देता येत नाही, आणि नेमका प्रश्न विचारला की खोटे बोलता येत नाही.

"घरट्याशी संबंध?" रखवालदाराने विचारले.

"आहे," एक पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. यांचे पुस्तक वाचून डॉक्टर आणि त्यांच्या पिढीचे सगळे शिकले होते. "माझ्या पंख्याच्या वाटीत चिमणीनं घर केलंय. गेला पंधरवडा मी पंखा लावलेला नाही."

"मग बाहेर थांबा आजी. पुढचे?"

पुढच्यांनी परवा नातवंडांबरोबर तळ्यावर बदकांना पाव घातला होता. त्यांच्या मागच्यांच्या गाडीवर दर सकाळी कावळा बसे. एकांच्या दारात कबुतराचे पीस पडले होते आणि ते त्यांनी हाताने उचलले होते. एक तरुण संशोधक तर इतका प्रामाणिक, की त्याने फक्त कोकीळ ऐकली होती, पण ऐकणे म्हणजे जवळ जाणे होते का, याची त्याला शंका होती, म्हणून तो आपणहून बाहेर थांबला होता. आणि या सगळ्यांच्या मध्ये, रुमालाने डोके पुसत, संचालक उभे होते.

"तुम्हीसुद्धा?" डॉक्टर म्हणाले.

"उतरताना डोक्यावर पडलं काहीतरी वरून," संचालक कळवळून म्हणाले. "कोणता पक्षी होता तेही दिसलं नाही. काय हो, हा चिमणी-कावळ्यांपर्यंतचा नियम लिहिला कुणी?"

डॉक्टरांनी ताठ ठेवायची ठरवलेली मान खाली घातली. "मी," ते म्हणाले, आणि पट्टी बांधलेला अंगठा वर केला. "आणि मीही बाहेरच आहे. आज सकाळी पोपट धरला."

सगळ्यांनी त्या अंगठ्याकडे पाहिले. मग पांढऱ्या केसांच्या बाई हसायला लागल्या, आणि त्यांचे बघून सगळेच.

"पण मग आत आहे तरी कोण?" कुणीतरी विचारले.

आत प्रमुख पाहुणे होते. ते मोठे व्यापारी. त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत मान वर करून आभाळाकडे पाहिले नव्हते. त्यांच्याखेरीज ध्वनिक्षेपकवाला होता, आणि चहावाला. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून प्रमुख पाहुण्यांचा दुसरा चहा चालला होता.

"आता परिषद आपण आहोत तिथंच," बाई म्हणाल्या. "मी पहिल्या सत्राची अध्यक्ष आहे. पहिलं भाषण कुणाचं?"

सगळे संचालकांकडे पाहू लागले, जसे दर परिषदेत पाहत आले होते. संचालकांनी सवयीने घसा साफ केला, कोटाची बटणे लावली. मग त्यांनी डॉक्टरांच्या कोटावरचा तो ताजा हिरवा डाग पाहिला, कुरतडलेला टाय पाहिला. ते दोन पावले मागे सरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "यांचं आहे," ते म्हणाले. "मी इथं बसतो. मला मागून ऐकायची सवय नाही, पण लागेल."

पडदा नव्हता, दिवा नव्हता. डॉक्टरांनी चित्रांचे कागद टॅक्सीच्या काचेवर चिकटवले. टॅक्सीवाल्याने, थांबल्याचे पैसे मिळतील ना, असे विचारून घेतले, आणि मग तोही बोनेटला टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्ये तालमीतली होती. तिसऱ्यापासून ते कागदाकडे बघायचे विसरले. मुलीला सांगितला होता तसाच त्यांनी तो आगाऊ पाहुणा सांगितला, तो कुणाच्या बुटाला चिकटून कुठवर जातो ते सांगितले, तबके उन्हात वाळवलेल्या केंद्रांत तो कसा हिरमुसून परत फिरला तेही सांगितले. लोक हसले, आणि हसता हसता त्यांनी लिहून घेतले.

"थांबा," बाई मध्येच म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या म्हणण्यानुसार चिमणीचा दोष जवळजवळ नाहीच. मग तुमच्या नियमात ती काय करत होती?"

"उत्साहाच्या भरात गेली," डॉक्टर म्हणाले.

हशा ओसरल्यावर मात्र त्यांना एकदम वेळेची आठवण झाली. भाषण अर्ध्यावरच होते. खरे मोलाचे तर पुढेच होते, आणि पंधरा मिनिटे केव्हाच उलटून गेली असणार. आजवर मागच्या रांगेत बसून त्यांनी किती भल्याभल्यांना घंटा वाजताच वाक्य तोडून खाली बसताना पाहिले होते. त्यांनी काचेवरचा पुढचा कागद घाईने काढला, तो हातातून निसटला, दुसरा उलटा लागला.

"थोडक्यात आटोपतो, बाई," ते म्हणाले. "घंटा व्हायच्या आत."

"घंटा आत टेबलावर राहिलीय," बाई म्हणाल्या आणि संचालकांच्या शेजारच्या दगडावर ऐसपैस बसल्या. "तुम्ही सावकाश बोला."